सोहोच्या गल्लीत सापडलेला भूमध्य समुद्र

आपल्या मंडईत वांगी किंवा ढोबळी मिरची पाहून कोणी थबकत नाही. १९५० सालच्या लंडनमध्ये मात्र या भाज्या मिळवायच्या तर शहराच्या एका विशिष्ट भागात, परदेशांतून येऊन स्थायिक झालेल्या दुकानदारांकडे जावे लागे आणि तिथेही त्या मिळतीलच याची खात्री नसे. ऑलिव्ह तेल तर बहुतेक गावांत औषधाच्या दुकानात, लहानशा बाटलीत मिळे. कान ठणकू लागला की त्यात थेंबभर घालायचे ते तेल, एवढीच त्याची ओळख सर्वसामान्य इंग्रज कुटुंबाला होती. अशा काळात एका इंग्रज स्त्रीने ऑलिव्ह तेल, लसूण, वांगी, जर्दाळू आणि केशर यांनी भरलेले पाककृतींचे पुस्तक लिहिले. ते वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्यातले जिन्नस घराजवळच्या वाण्याकडे मिळणार नव्हते. तरीही ते पुस्तक खपले, वाचले गेले आणि काही वर्षांतच वाण्याच्या फळीवरचा माल बदलू लागला. या लेखिकेचे नाव एलिझाबेथ डेव्हिड.

बाजारात नसलेल्या वस्तूंविषयी लिहून काय साधते, असा प्रश्न व्यवहारी माणसाला पडणे स्वाभाविक आहे. एलिझाबेथ डेव्हिड यांचे आयुष्य हे या प्रश्नाचे उत्तर आहे. ते उत्तर केवळ त्यांच्या लेखणीचे मात्र नाही. त्यात सोहोमधल्या इटालियन आणि सायप्रसहून आलेल्या ग्रीक किराणा दुकानदारांचा वाटाही मोठा आहे.

खानदानी घरातले बेचव जेवण

एलिझाबेथ यांचा जन्म २६ डिसेंबर १९१३ रोजी इंग्लंडच्या ससेक्स परगण्यातील वूटन मॅनर या वाड्यात झाला. वडील रूपर्ट ग्विन हे हुजूर पक्षाचे खासदार, तर आई स्टेला ही एका उमरावाची कन्या. चार बहिणींत एलिझाबेथ दुसऱ्या. घरात संपत्ती होती, नोकरचाकर होते. पण इंग्रज उच्चवर्गीय रिवाजानुसार मुलांचे जेवण वेगळ्या खोलीत आणि दाईच्या देखरेखीखाली होई. उकडलेले मांस, पाणचट भाज्या आणि दुधातल्या खिरी हा त्या जेवणाचा साचा होता. १९२४ मध्ये वडिलांचे अकाली निधन झाले आणि मुलींची रवानगी निवासी शाळेत झाली.

सोळा-सतरा वर्षांच्या वयात आईने त्यांना शिक्षणासाठी पॅरिसला पाठविले. सोरबाँ विद्यापीठात त्यांनी फ्रेंच साहित्य व इतिहासाचा अभ्यास केला. त्या ज्या कुटुंबात राहत होत्या, त्या घरची मालकीण पहाटे उठून पॅरिसच्या घाऊक बाजारात जाई आणि दोन्ही हातांत भरलेल्या पिशव्या घेऊन धापा टाकत परत येई. त्या घरात रोजचे साधे जेवणही चवीचे असे. चांगले जेवण स्वयंपाकघरात नव्हे, तर बाजारात सुरू होते, हा धडा त्या तरुण मुलीला तिथे मिळाला. विद्यापीठात काय शिकलो ते पुढे त्या बरेचसे विसरल्या, पण हा धडा विसरल्या नाहीत.

इंग्लंडला परतल्यावर त्यांनी नाटक कंपनीत उमेदवारी केली. अभिनयात यश लाभले नाही. मात्र स्वतंत्र बिऱ्हाड केल्यामुळे स्वयंपाक करण्याची वेळ आली. एकविसाव्या वाढदिवसाला आईने त्यांना हिल्डा लेयल यांचे पाककलेवरील पुस्तक भेट दिले होते. पुढील आयुष्याची दिशा ठरविण्यात या भेटीचा वाटा होता.

एक नाव, एक युद्ध

चार्ल्स गिब्सन कोवन या विवाहित नटाशी त्यांचे प्रेमसंबंध जुळले. त्या काळच्या प्रतिष्ठित समाजात हे खपण्यासारखे नव्हते. दोघांनी मिळून एक छोटी शिडाची नाव घेतली आणि जुलै १९३९ मध्ये, महायुद्ध तोंडावर आले असताना, फ्रान्सच्या दिशेने प्रयाण केले. कालव्यांतून वाट काढत ती नाव दक्षिण फ्रान्समधील आंतीब बंदरापर्यंत पोहोचली. तिथे त्यांची गाठ नॉर्मन डग्लस या सत्तरी ओलांडलेल्या लेखकाशी पडली. जे पानात पडेल ते मुकाट्याने गिळू नये. खरे आणि खोटे यांतला फरक जिभेने ओळखावा आणि खऱ्याचाच आग्रह धरावा, ही शिकवण त्यांना डग्लस यांच्या सहवासात मिळाली.

मे १९४० मध्ये नाव पुढे निघाली. कॉर्सिका मागे टाकून सिसिलीजवळच्या मेसिनाच्या सामुद्रधुनीपर्यंत ती आली आणि १० जून रोजी इटलीने ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारले. हेरगिरीच्या संशयावरून दोघांनाही अटक झाली. १९ दिवस त्यांना इटलीत निरनिराळ्या ठिकाणी स्थानबद्ध ठेवण्यात आले आणि नंतर युगोस्लाव्हियाच्या हद्दीत जाऊ देण्यात आले. नाव गेली, पैसे गेले, आणि एलिझाबेथ यांनी जपून ठेवलेला पाककृतींचा संग्रहही गेला.

याच दिवसांत लंडनमध्ये काय घडत होते, हे पाहणे उद्बोधक आहे. १० जूनच्या रात्रीच सोहोमधील इटालियन दुकानांवर जमाव चालून गेला आणि काचा फुटल्या. वर्षानुवर्षे तिथे राहून चीज, शेवया आणि तेल विकणारे हजारो इटालियन पुरुष एका रात्रीत शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले आणि त्यांची धरपकड झाली. त्यांतील अनेकांना कॅनडाला पाठविण्यासाठी ‘अरांडोरा स्टार’ या जहाजावर चढविण्यात आले. २ जुलै १९४० रोजी जर्मन पाणबुडीने ते जहाज बुडविले. मृत्युमुखी पडलेल्या ८०० हून अधिक माणसांत ४०० हून अधिक इटालियन होते. इटलीने इंग्रज म्हणून पकडलेली एक स्त्री आणि ब्रिटनने इटालियन म्हणून पकडलेले ते दुकानदार, यांचा तेव्हा एकमेकांशी काही संबंध नव्हता. दहा वर्षांनी मात्र इंग्रजांच्या ताटात इटली पोहोचविण्याचे काम ती स्त्री आणि त्यांच्यातले वाचलेले लोक मिळून करणार होते.

ग्रीस, इजिप्त आणि दिल्ली

युगोस्लाव्हियातून एलिझाबेथ ग्रीसला गेल्या आणि सायरॉस बेटावर राहिल्या. तिथे जे पिकते, जे समुद्रातून येते, तेवढ्यावर स्वयंपाक करणे त्या शिकल्या. एप्रिल १९४१ मध्ये जर्मन फौजा ग्रीसमध्ये घुसल्या आणि पुन्हा एकदा सर्वस्व सोडून त्यांना इजिप्तचा रस्ता धरावा लागला. अलेक्झांड्रियामध्ये त्यांनी नौदलाच्या सांकेतिक संदेश विभागात नोकरी केली. पुढे कैरोत ब्रिटिश माहिती खात्याचे संदर्भ ग्रंथालय उभारून चालविले. या काळात कोवन यांच्यापासून त्या सलोख्याने विभक्त झाल्या. कैरोतल्या चिमुकल्या घरात सुलेमान नावाचा सुदानी स्वयंपाकी अपुऱ्या साधनांत उत्तम जेवण रांधी. मसूर, टोमॅटो, वांगी, मेंढीचे मांस, पुदिना, जिरे अशा साध्या जिनसांतून काय उभे राहू शकते, हे त्यांनी तिथे रोज पाहिले.

ऑगस्ट १९४४ मध्ये कैरोत त्यांनी हिंदी सैन्यातील अधिकारी टोनी डेव्हिड यांच्याशी विवाह केला. पतीची बदली झाल्यामुळे जानेवारी १९४६ मध्ये त्या हिंदुस्थानात आल्या. दिल्लीतील लष्करी अधिकाऱ्यांच्या पत्नींचे ठरावीक सामाजिक जीवन त्यांना रुचले नाही आणि तिथले जेवणही त्यांना फारसे मानवले नाही. भारतीय पदार्थांची गोडी त्यांना पुष्कळ उशिरा लागली. सायनसच्या तीव्र दुखण्यामुळे दिल्लीचा उन्हाळा सोसणे अशक्य झाले आणि ऑगस्ट १९४६ मध्ये त्या इंग्लंडला परतल्या.

शिधापुस्तिकेच्या देशात

महायुद्ध संपून वर्ष झाले होते, तरी ब्रिटनमध्ये शिधावाटप चालूच होते. किंबहुना, युद्धकाळात कधी नियंत्रणाखाली न आलेला पाव त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात शिधापुस्तिकेवर आला होता. मांस, लोणी, साखर, चहा, अंडी सारे मोजूनमापून मिळे. सहा वर्षे भूमध्य समुद्राच्या काठाने वावरलेल्या एलिझाबेथ यांना हा मोठाच धक्का होता. १९४६-४७ चा तो हिवाळा इतिहासातील अत्यंत कडाक्याचा हिवाळा ठरला. बर्फामुळे रस्ते बंद, कोळशाची टंचाई आणि नंतर पूर. या काळात रॉस-ऑन-वाय या गावातील एका हॉटेलात त्या मुक्कामाला होत्या. तिथले पिठूळ सार आणि कोरडे, बेचव मांस समोर येई आणि त्यांचा जीव संतापाने व विरहाने व्याकूळ होई.

त्या हॉटेलात बसून त्यांनी कागदावर आठवणीतल्या जिनसांची नावे आणि पदार्थांची वर्णने लिहिण्यास सुरुवात केली. जर्दाळू, ऑलिव्ह, लोणी, तांदूळ, लिंबू, तेल, बदाम. यांतला एकेक शब्द लिहितानाही मनाला दिलासा मिळत होता. आपण कागदावर उतरवत होतो ते त्या काळच्या इंग्लंडमध्ये अश्लील शब्द होते, हे पुढे आपल्या लक्षात आले, असे त्यांनी नंतर लिहिले. ज्या देशात या वस्तू मिळत नाहीत तिथे त्यांचा उच्चारही असभ्य ठरावा, इतकी टंचाई लोकांच्या मनात मुरली होती.

लंडनला परतल्यावर मार्च १९४९ पासून ‘हार्पर्स बझार’ या नियतकालिकात त्यांचे लेख येऊ लागले. या टिपणांचे पुस्तक काढण्याचा प्रयत्न मात्र सहजी यशस्वी झाला नाही. अनेक प्रकाशकांनी हस्तलिखित परत केले. अखेर जॉन लेमन यांनी ते स्वीकारले आणि १०० पौंड आगाऊ दिले. जून १९५० मध्ये ‘अ बुक ऑफ मेडिटरेनियन फूड’ प्रसिद्ध झाले. चित्रकार जॉन मिंटन यांनी रंगविलेले निळ्याशार समुद्राचे आणि अन्नाने भरलेल्या मेजांचे मुखपृष्ठ करड्या लंडनमधील पुस्तकांच्या दुकानात उठून दिसे.

खरेदीची वाट

या पुस्तकाचे वेगळेपण असे की, न मिळणाऱ्या जिनसांऐवजी भलतेच काही वापरण्याचा सल्ला त्यात नव्हता. युद्धकाळात ब्रिटनमधल्या पाककृती बनावटीच्या आहारी गेल्या होत्या. अंड्याऐवजी भुकटी, मलईऐवजी आणखी कसले मिश्रण, असा तो प्रकार होता. एलिझाबेथ डेव्हिड यांनी पदार्थाला जे लागते तेच सांगितले. मिळत नसेल तर तो पदार्थ करू नये, वाट पाहावी, शोध घ्यावा आणि तोवर त्याच्याविषयी वाचून समाधान मानावे, अशी त्यांची भूमिका होती.

शोध कुठे घ्यायचा, याचे उत्तर बहुतेक वेळा सोहो हे असे. लंडनच्या मध्यभागी असलेल्या या वस्तीत शतकानुशतके परदेशी लोक येऊन राहिले. प्रथम फ्रेंच, मग इटालियन, मग सायप्रसहून आलेले ग्रीक. ओल्ड कॉम्प्टन स्ट्रीटवर इटालियन दुकाने होती. छताला टांगलेली सलामी, चाकासारखे मोठे पार्मेझान चीज, डब्यांतले ऑलिव्ह तेल आणि लांबट निळ्या कागदात गुंडाळलेल्या शेवया यांचा संमिश्र वास तिथे येई. जवळच्या बर्विक स्ट्रीटच्या बाजारात भाज्या मिळत. शार्लट स्ट्रीटच्या परिसरात सायप्रसवासीयांची दुकाने होती. युद्धात काचा फुटलेली, मालकांना स्थानबद्धता सोसावी लागलेली यांतली काही दुकाने पुन्हा उभी राहिली होती.

ही दुकाने आपल्या बांधवांसाठी होती. इटलीतून आलेल्या खानसाम्याला, हॉटेलातल्या वाढप्याला, शिंप्याला आपल्या गावचे जिन्नस मिळावेत, एवढाच त्यांचा मूळ हेतू. इंग्रज गृहिणी तिथे जायला बिचकत असे. नावे उच्चारता येत नसत; वासाने नाक मुरडले जाई; वांगे चिरावे कसे, आधी मीठ लावावे काय, हे कोणाला विचारावे तेही कळत नसे. डेव्हिड यांच्या पुस्तकांनी ही भीड मोडली. हातात यादी असलेले गिऱ्हाईक दुकानात निर्धास्तपणे शिरते. जिनसाचे नाव ठाऊक असले, त्याचे करायचे काय हे ठाऊक असले, की प्रश्न विचारता येतो. आणि दहा जणांनी एकच वस्तू मागितली की दुकानदार ती मागवतो. बाजार बदलण्याची ही रीत साधी आणि सावकाश असली तरी ती खात्रीची ठरली.

१९५२ मध्ये त्या इटलीला गेल्या आणि अनेक महिने तिथल्या प्रांताप्रांतांतून हिंडल्या. त्यातून १९५४ साली ‘इटालियन फूड’ हे पुस्तक सिद्ध झाले. त्याही वेळी इटालियन शेवया, पार्मेझान, ऑलिव्ह तेल, सलामी हे सोहोत मिळे, इतरत्र जवळजवळ नाहीच; आणि वांगी, ढोबळी मिरची, कुर्जेट यांची स्थिती तशीच होती, असे त्यांनी पुढे नमूद केले आहे. मात्र ४ जुलै १९५४ रोजी मांसावरील निर्बंध उठले आणि शिधावाटपाचे पर्व संपले. १९५५ मध्ये पहिल्या पुस्तकाची स्वस्त पेंग्विन आवृत्ती निघाली तेव्हा, यातला एकही जिन्नस आता देशात कुठेच मिळत नाही असे क्वचितच म्हणता येईल, असे सांगण्याइतकी परिस्थिती पालटली होती. अवघ्या पाच वर्षांतला हा बदल होता.

याचे सारे श्रेय एका लेखिकेला देणे अतिशयोक्तीचे होईल. निर्बंध उठले, हाती पैसा आला, परदेशी सहलींचे प्रमाण वाढले आणि स्थलांतरितांची संख्याही वाढली. शिवाय त्यांचा प्रारंभीचा वाचक सुस्थितीतील मध्यमवर्गीयच होता. सोहोपर्यंत जाण्याइतका वेळ आणि पैसा कामगाराच्या घरात नव्हता. तरीही काय मागायचे हे सांगणारा आवाज त्यांचाच होता, याबद्दल ब्रिटनमधील पुढच्या पिढीच्या पाककलालेखकांत फारसे दुमत नाही.

रुची गेली, तरी लेखन थांबले नाही

१९६० मध्ये त्यांचे ‘फ्रेंच प्रोव्हिन्शियल कुकिंग’ प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी घटस्फोटही झाला. १९६३ मध्ये, वयाच्या पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्यांना मेंदूतील रक्तस्राव झाला. त्यातून त्या बचावल्या, पण काही काळ जिभेची चव गेली. विशेषतः खारटपणा कळेनासा झाला. चवीवर लिहिणाऱ्या व्यक्तीवर यापेक्षा क्रूर आघात कोणता असू शकतो?

यानंतर त्यांनी स्वतःच दुकान काढले. १ नोव्हेंबर १९६५ रोजी लंडनमधील ४६, बोर्न स्ट्रीट येथे भागीदारांसह उघडलेल्या या दुकानात मातीची भांडी, फ्रेंच कढया, साचे आणि सुऱ्या अशी स्वयंपाकघराची उपकरणे मिळत. लसूण चेपण्याचे यंत्र तिथे ठेवायला त्यांचा सक्त विरोध होता. सुरीच्या पात्याने होणाऱ्या कामाला यंत्र कशाला, असा त्यांचा सवाल असे. पुढे भागीदारांशी मतभेद झाले आणि १९७३ मध्ये त्या बाहेर पडल्या. दुकानावरचे नाव मात्र त्यांचेच राहिले, याचा त्यांना सल होता.

१९७० मध्ये त्यांनी इंग्रजी स्वयंपाकातील मसाले, मीठ आणि सुगंधी वनस्पतींवर पुस्तक लिहिले. पूर्वेकडून, त्यातही हिंदुस्थानातून, इंग्रजांच्या स्वयंपाकघरात काय काय आले आणि कसे रुजले याचा मागोवा त्यात आहे. दिल्लीत असताना ज्या पाककलेशी त्यांचे जुळले नाही, तिच्याकडे त्या पाव शतकानंतर पुन्हा वळल्या होत्या.

सर्वांत दुर्मीळ जिन्नस

सत्तरच्या दशकात ब्रिटनमधील सुपरबाजारांत ऑलिव्ह तेल आले, कुर्जेट आले, वांगी तर बारमाही झाली. अशा वेळी एलिझाबेथ डेव्हिड विजयाचा आनंद मानतील, असे अनेकांना वाटले असेल. त्यांनी १९७७ मध्ये ‘इंग्लिश ब्रेड अँड यीस्ट कुकरी’ हा ५०० हून अधिक पृष्ठांचा ग्रंथ लिहिला तो इंग्लंडच्या साध्या पावाविषयी. कारखान्यांतून निघणारा मऊ, फिकट, कापून ठेवलेला पाव देशभर पसरला होता आणि चांगल्या पिठाचा, पुरेसा वेळ देऊन फुगविलेला पाव मिळणे कठीण झाले होते. इटलीचे चीज कोपऱ्यावरच्या दुकानात आले आणि घरचा पाव हरवला. हे त्यांना पाहवेना. दूरचे जिन्नस मिळू लागले म्हणजे अन्न सुधारले असे होत नाही, हे त्यांनी आपल्या कारकिर्दीच्या उत्तरार्धात ठामपणे मांडले.

त्यांना १९७६ मध्ये ‘ओबीई’ आणि १९८६ मध्ये ‘सीबीई’ हे किताब मिळाले. २२ मे १९९२ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. ससेक्समधील फोकिंग्टन येथील चर्चच्या आवारात त्यांचे दफन झाले. फेब्रुवारी १९९४ मध्ये त्यांच्या स्वयंपाकघरातील वस्तूंचा लिलाव झाला, तेव्हा व्यापाऱ्यांपेक्षा चाहत्यांचीच गर्दी अधिक होती. ज्या जुन्या मेजावर त्या अंडी फेटत आणि लिहीत, ते मेज प्रू लीथ या पाककलातज्ज्ञ बाईंनी १,१०० पौंडांना घेतले. एकूण रक्कम अपेक्षेच्या तिपटीवर गेली.

परदेशी स्थायिक झालेल्या मराठी माणसाला या कहाणीतला एक भाग परिचित वाटेल. आमसूल, गोडा मसाला, ताजा कढीपत्ता यांसाठी सुटीच्या दिवशी दूरवरच्या भारतीय दुकानापर्यंत केलेली पायपीट त्याने अनुभवलेली असते. इकडे मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमध्ये आणि पुण्याच्या मोठ्या दुकानांत ऑलिव्ह तेल व पार्मेझान सहज मिळते. पण हातसडीचा तांदूळ किंवा घाण्याचे तेल हवे असेल तर चौकशी करावी लागते. एलिझाबेथ डेव्हिड यांनी दोन्ही प्रकारची चौकशी केली. पहिली सोहोच्या गल्ल्यांत, परक्या देशाच्या जिनसांसाठी. आणि दुसरी आपल्याच देशातल्या गिरण्यांत व भट्ट्यांत, चांगल्या पिठासाठी. दुकानदाराला नाव घेऊन विचारावे आणि नाही म्हणाला तर पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारावे, एवढेच त्यांचे सांगणे होते. गेल्या शतकाच्या मध्यातील इंग्रज गृहिणींनी ते ऐकले आणि औषधाच्या दुकानातले तेल स्वयंपाकघरात आले.